मी छापलेल्या बारा चिठ्ठ्या

मित्रांनो, माझ्या गळ्यात एक सुतळी आहे आणि तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लोंबतो आहे. त्यावर लिहिले आहे, 'पुरावा क्रमांक सात'. घाबरू नका, मी कुणाचा जीव घेतलेला नाही. मी एक जुना लेबल प्रिंटर आहे. पार्सलवर पत्त्याची चिकटपट्टी असते ना, ती छापणे हे माझे काम. म्हणजे, होते. आता मी एका कपाटाच्या खालच्या खणात असतो आणि माझ्या डोक्यावर जुन्या चादरी असतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे निळे डगले घातलेल्या बायका ओळीने बसून आमची जुळणी करीत. कुणी चाक बसवी, कुणी झाकण. शेवटी एक चष्मेवाली बाई प्रत्येकाकडून एक चाचणीची पट्टी छापून घेई. माझी पट्टी तिने उजेडाकडे धरली आणि "चालेल" म्हणाली. आयुष्यात मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र.

माझ्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच आहे. पहिली म्हणजे माझ्या पोटात शाई नाही. माझ्या तोंडाशी बारीक बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ आहे आणि माझा कागदही खास असतो. ठिपका तापला की कागद तेवढ्या जागी काळा होतो आणि अक्षर उमटते. दुसरी गोष्ट, मला एकाच लेबलाची आठवण राहते. नवे लेबल आले की जुने गेले. माणसे मात्र माझ्या लक्षात राहतात, कशी ते मला ठाऊक नाही.

काही वर्षे एका औषधांच्या दुकानात बाटल्यांवरची लेबले छापून झाल्यावर मला ताईंनी जुन्या बाजारातून आणले. ताई म्हणजे सुतारकाम करणाऱ्या बाई. वडिलांच्या मागे त्यांनी त्यांची कार्यशाळा चालवली. लांब टेबल, भिंतीवर आकाराप्रमाणे लावलेल्या करवती, खाली पायाला लागणारा भुसा. थोरले भाऊ, म्हणजे दादा, शेजारच्याच खोलीत पुस्तकबांधणी आणि लॅमिनेशनचे दुकान चालवीत. दादांचा लॅमिनेशनवर फार जीव. शाळेचे दाखले, आईचा शेवटचा फोटो, विजेच्या मीटरचा नंबर, सगळे प्लास्टिकमध्ये. पॉलिशवाल्या मावशी म्हणायच्या, "दादा, मी म्हातारी झाले की मलाही एकदा त्या मशीनमधनं काढा, सुरकुत्या जातील." दादा गंभीरपणे म्हणत, "मावशी, जाडी बसायची नाही."

मग दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो गेलाच. माणूस वाचला, पण दोन महिने खुर्चीत बसून होता. कांदा चिरायचा तर घरंगळायचा, पावाला लोणी लावायचे तर पाव सरकायचा. एकदा तो पाव जमिनीवर पडला आणि दादा लहान मुलासारखे रडले. ताईंनी बीच या झाडाच्या उरलेल्या लाकडाची एक फळी रंधली. तिच्यात मधोमध तीन स्टीलचे खिळे टोकाने वर काढले, एका कोपऱ्याला दोन पट्ट्यांचा काटकोन ठोकला. खिळ्यांवर कांदा रुतवायचा, काटकोनात पाव टेकवायचा, आणि एका हाताने काम करायचे. डाव्या बाजूला वर एक भोक पाडले, कारण दादांच्या स्वयंपाकघरात खुंटी डावीकडे होती. त्या भोकाला दुसरे काही कारण नव्हते.

त्या दुपारी दादांनी स्वतः कांदा चिरला आणि डोळे पुसत म्हणाले, "कांद्यानं आलंय हं पाणी, उगाच काही समजू नकोस."

रुग्णालयातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ती फळी पाहिली आणि आणखी चार मागितल्या. मग चाळीस. मग ताईंनी ती इंटरनेटवरच्या बाजारात ठेवली. तो बाजार एकाच कंपनीचा होता. तिचे खरे नाव सांगण्यात अर्थ नाही, आमच्या घरात तिला 'थोरली' म्हणत. शंभरातली नव्वद माणसे काहीही घ्यायचे झाले की आधी थोरलीकडे जात. त्यामुळे विकणाऱ्यालाही तिथे गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. माझे ते सोन्याचे दिवस. सकाळपासून माझे तोंड थंड होत नसे. लांबलांबच्या गावांचे पत्ते मी छापले, एक हात गेलेल्या, हात थरथरणाऱ्या, लहानपणापासून एकच हात असलेल्या माणसांचे. मावशी माझ्यावरचा भुसा फुंकून म्हणायच्या, "हा गडी कधी कुरकुरत नाही." मला फार बरे वाटे.

ताईंना एक सवय होती. रोज सकाळी करवत सुरू करायच्या आधी त्या थोरलीच्या विक्रेत्यांच्या पानावर जात. आपली वस्तू शोधणाऱ्याला कितव्या पानावर, कितव्या जागेवर दिसते ते तिथे कळे. खाली 'चिठ्ठी छापा' असे बटण होते. ताई ते दाबत, मी चिठ्ठी काढी. तारीख, वेळ, पान एक, जागा तीन. ती चिठ्ठी ताई एका बिघडलेल्या फळीच्या खिळ्यांत खोचून ठेवत. ती फळी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलेली असे. रोज एक चिठ्ठी, वर्षानुवर्षे. दादा चिडवत, "हिला देव्हारा नको, हा खिळा बास आहे."

पुढे थोरलीने एक अट घातली. आमच्याकडे विकता ना, मग दुसरीकडे कुठेही आमच्यापेक्षा स्वस्त विकायचे नाही. ताई रुग्णालयाला फळी कमी भावात देत, कारण तिथे थोरलीचा वाटा नसे. ते थोरलीच्या नजरेस आले. एक कडक पत्र आले, मग दुसरे. ताईंनी उत्तर लिहिले की आजारी माणसांसाठी आहे. त्या उत्तराला उत्तर आले नाही.

आणि एका सकाळी मी चिठ्ठी छापली, पान चौदा, जागा सहा.

ताईंना वाटले माझेच काहीतरी बिनसले. त्यांनी माझे झाकण उघडून पुसले, पुन्हा बटण दाबले. पान चौदा. मग त्यांनी पहिले पान उघडले. तिथे सगळ्यात वर एक नवी फळी होती, थोरलीच्या स्वतःच्या शिक्क्याची. तीन खिळे, कोपऱ्यात काटकोन, लाकडाऐवजी प्लास्टिक. आणि डाव्या बाजूला वर, भोक.

"अगं, हे तर माझ्या खुंटीचं भोक," दादा म्हणाले.

मित्रांनो, कोणती वस्तू किती खपते, कुठे खपते, कुणाला आवडते, हे सगळे थोरलीला घरबसल्या दिसत होते. मैदान तिचे, पंच ती, आणि आता ती खेळायलाही उतरली होती. बळी तो कान पिळी म्हणतात ते हेच. चौदाव्या पानावर कोण जातो? आठवड्यात मी थंड पडलो. आधी दोन कारागीर गेले, मग पॅकिंग करणारी मुलगी. मावशी शेवटपर्यंत थांबल्या, कारण त्यांना दुसरीकडे कुणी घेईना. ताईंनी तरी सवय सोडली नाही. पान चौदा, पान पंधरा, पान एकोणीस. मी छापत होतो. मला लाज वाटत होती, पण प्रिंटरला आलेले छापावेच लागते.

बाजारात कुणी दांडगाई करू नये म्हणून सरकारची एक कचेरी असते. तिला सगळे स्पर्धा कचेरी म्हणत. ताईंनी तिथे तक्रार केली. वकील त्यांना समजावताना म्हणाले होते, "मोठं असणं हा गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याला उभं राहू न देणं हा गुन्हा आहे." हे वाक्य ताईंनी पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवले, मापे लिहितात तसे. त्या भिंतीकडे बघत आम्ही दोन वर्षे काढली. दरम्यान थोरलीने ताईंचे खातेच बंद केले, त्यामुळे सकाळच्या चिठ्ठ्याही थांबल्या.

थोरलीने कचेरीला सरळ उत्तर दिले होते. ही फळी एका दिवसात खाली गेली नाही, हळूहळू घसरत गेली, गिऱ्हाइकांना ती आवडेनाशी झाली. कचेरीने विचारले, जुन्या जागांची नोंद आहे का? नाही, वर्षापलीकडचे आम्ही ठेवत नाही.

मग एके दिवशी कचेरीच्या तपासनीस बाई आमची कार्यशाळा बघायला आल्या. साध्या, पायांत कॅनव्हासचे बूट, बोलणे कमी. कोपऱ्यातली ती फळी पाहून त्या थबकल्या. खिळ्यातल्या चिठ्ठ्या त्यांनी उभ्यानेच एकेक करून वाचल्या. चहा निवला तरी वाचत होत्या.

"ह्या ठेवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही," ताई म्हणाल्या. "सुताराला रोज माप घ्यायची सवय असते."

बहुतेक चिठ्ठ्यांवरची अक्षरे एव्हाना उडून गेली होती; नीट वाचता येणाऱ्या बाराच तपासनीस बाईंनी वेगळ्या काढल्या. थोरलीची फळी बाजारात आली त्याच्या आधीच्या पाच आणि त्या दिवसापासूनच्या सात. पाचांवर पान एक. सातांवर पान चौदा किंवा त्याच्या खाली. मध्ये घसरगुंडी कुठे नव्हतीच, सरळ कडा होता. "सगळं ह्या बारांवर उभं आहे," त्या म्हणाल्या. "मी फोटो काढते, पण फोटोवर ते म्हणतील बनावट आहे. गुरुवारी सुनावणीला मूळ चिठ्ठ्याच आणा. चुरगळू देऊ नका आणि ओल लागू देऊ नका. हा प्रिंटरही आणा."

उष्णतेचे त्या काही बोलल्या नाहीत. रोज शाईचे कागद हाताळणारे माणूस ते. ताईंना माहीत होते, मलाही माहीत होते. दादा शेजारच्या खोलीतून ऐकत होते, त्यांना मात्र ते माहीत नव्हते.

बुधवारी दुपारी ताई वकिलांकडे सह्या करायला गेल्या. बाराही चिठ्ठ्या एका पाकिटात टेबलावर होत्या. दादा आत आले, पाकीट उघडले. मी भिंतीवरच्या मांडणीवरून बघत होतो. दादांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, एका हाताने, एकेक, जीभ दातांत धरून. तीन तीनच्या चार ओळी. एका मोठ्या प्लास्टिकच्या पाकिटात त्या सरळ बसाव्यात म्हणून त्यांनी ते पाकीट ताईंच्याच एकहाती फळीच्या काटकोनात टेकवले. कडा जुळल्या की थोडे मागे सरून बघत. इतके नीटनेटके काम त्यांनी आजारपणानंतर केले नव्हते.

"आता कशाच्या चुरगळतायत," ते स्वतःशी म्हणाले.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचे होते. माझ्याजवळ आवाज म्हणून काय आहे, तर कागद संपल्यावर लागणारा एक लाल दिवा. त्या दिवशी कागदही भरलेला होता. लॅमिनेशनचे यंत्र तापले, त्याचा हिरवा दिवा लागला. दादांनी पाकीट तोंडाशी धरले आणि यंत्राने ते आत ओढून घेतले.

दुसऱ्या बाजूने ते आले तेव्हा त्यात बारा काळे चौकोन होते.

दादांनी आधी यंत्र बंद केले, मग पुन्हा सुरू केले, मग पुन्हा बंद केले. पाकीट खिडकीत नेऊन उजेडाकडे धरले. नखाने प्लास्टिक सोलायला गेले, पण एका हाताने सोलता येत नव्हते, म्हणून दातांनी धरले. आयुष्यभर त्यांनी हजारो कागद जपले होते. त्या यंत्राच्या पोटात कागद खराब होतो हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. करायला गेले एक आणि झाले भलतेच.

ताई आल्या तेव्हा ते टेबलापाशी बसून होते. ताईंनी ते पान हातात घेतले.

"तो कागद तापला की काळा पडतो रे दादा."

"चुरगळतील वाटलं मला."

"हो."

"बाई म्हणाल्या होत्या ना, ओल लागू देऊ नका."

"हो रे. जेवलास का तू?"

दादांनी नकारार्थी मान हलवली. ताईंनी त्यांना ताट वाढून दिले आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी मला कापडात गुंडाळले. त्या थोरलीला शिव्या देत होत्या, कारण दादांना देणे शक्य नव्हते.

गुरुवारी ताईंनी मला मांडीवर घेऊन बसमधून नेले. कचेरीत एका कारकुनाने माझ्या गळ्यात ही सुतळी बांधली. वर तिघे सदस्य, मध्ये अध्यक्ष. डावीकडे थोरलीचे सात वकील, उजवीकडे आमचे एक. ताईंनी ते पान पुढे ठेवले.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"ह्याच त्या बारा चिठ्ठ्या," ताई म्हणाल्या. "चूक माझी. मी प्लास्टिकमध्ये घालायला गेले."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उभे राहिले आणि त्यांनी डावा हात वर केला, वर्गात करतात तसा. "खोटं बोलतेय ती, साहेब. मी केलं. मी लॅमिनेशनवाला आहे. मला वाटलं, जपून ठेवाव्यात."

थोरलीचे मोठे वकील उठले. ते वाईट बोलले नाहीत, मित्रांनो, तेच तर जास्त लागले. "आम्हाला सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण एकमेव पुरावा सुनावणीच्या आदल्या दिवशी तक्रारदाराच्याच घरात नष्ट होतो, आणि कुणी केला यावरही भावाबहिणीचं एकमत नाही. सदस्यांनी याची नोंद घ्यावी."

अध्यक्षांनी माझ्याकडून एक नवी चिठ्ठी छापवून घेतली. कारकुनाने ती चहाच्या गरम किटलीला टेकवली. ती काळी पडली. अध्यक्षांनी ती हातात घेतली. "चिठ्ठी काळी पडते हे सिद्ध झालं," ते म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता. "तिच्यावर काय लिहिलं होतं, ते कसं सिद्ध होणार?"

तपासनीस बाईंनी फोटो दाखवले. थोरलीच्या तज्ज्ञाने असले फोटो पाच मिनिटांत कसे बनवता येतात ते मोठ्या पडद्यावर करून दाखवले. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या बाराही मीच छापल्या होत्या. कुणीतरी विचारले, याच्यात जुने काही साठलेले आहे का? माझी तपासणी झाली. माझ्यात एकच लेबल होते, किटलीला लावलेले. माझ्या जन्माची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

निकाल चौदा महिन्यांनी आला. तोवर कार्यशाळा गेली होती. लांब टेबल एका फर्निचरवाल्याने नेले, करवती वजनावर गेल्या. मावशी आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. ताई एका शाळेच्या बाकांची डागडुजी करायला जातात. निकालाच्या दिवशी त्या स्वयंपाकघरात बसून निकाल मोठ्याने वाचत होत्या आणि कपाटाचे दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले. दुसरीकडे स्वस्त विकू नका ही थोरलीची अट बेकायदा ठरली होती. तिने ती सगळ्या विक्रेत्यांसाठी काढून टाकावी, असा हुकूम होता. मात्र तक्रारदाराची वस्तू जाणूनबुजून खाली ढकलली, हा भाग पुराव्याअभावी फेटाळला होता. आणि थोरली वरच्या न्यायालयात जाणार हे तिने त्याच दिवशी जाहीर केले होते.

"म्हणजे रुग्णालयाला आता स्वस्तात देता येईल तुला," दादा म्हणाले.

"काय देऊ दादा? फळी कुठंय?"

बैल गेला आणि झोपा केला. त्या बुधवारनंतर दादांनी लॅमिनेशनच्या यंत्राला हात लावला नव्हता. ते यंत्र कपाटात माझ्या शेजारीच होते. मी त्याच्याशी बोलत नसे.

ताई उठल्या, त्यांनी वाकून ते यंत्र बाहेर काढले, धूळ पुसली आणि टेबलावर ठेवले. निकालाचे पहिले पान दादांच्या पुढे सरकवले.

"हे लॅमिनेट करून दे."

"नको गं."

"शाईचं आहे, दादा. काही होत नाही. दे करून."

दादांनी आधी एक कोरा कागद घालून पाहिला. तो पांढराच आला. मग आणखी एक. तोही पांढरा. तिसऱ्यांदा त्यांनी निकालाचे पान घातले आणि डोळे मिटून घेतले. ताईंनी पान बाहेर ओढले, त्यांच्या हातात दिले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पान स्वच्छ आले होते, अक्षर न् अक्षर वाचता येत होते. त्यात ताईंच्या कामाचे फार थोडे होते.

मित्रांनो, माझ्यासारख्याने तुम्हाला काय सांगावे? एखादी वस्तू जपायची असेल तर आधी तिला काय सोसवत नाही ते विचारा. नुसती माया पुरत नाही. आणि तुमच्यातला कुणी मोठेपणी त्या कचेरीत खुर्चीवर बसला, तर तक्रार आली त्याच आठवड्यात जा. दोन वर्षांनी जाऊ नका. तोवर माणसाजवळ खिळ्यात खोचलेल्या चिठ्ठ्यांखेरीज काही उरत नाही, आणि चिठ्ठ्यांचे काय होते ते तुम्ही ऐकलेत.

माझ्या पोटात अजून अर्धा रोल शिल्लक आहे. कुठे कुणी रोज सकाळी आपले पान बघत असेल, तर मला तिथे न्या, मी कुरकुरणार नाही. फक्त चिठ्ठी निघाली की तिच्यावरचे सगळे लगेच पेनाने साध्या वहीत उतरवून ठेवा आणि शेजाऱ्याची सही घ्या. माझ्यावर विसंबू नका.